बाराव्या दिवसाचा उंदीर

दादासोवर सुंदरी अक्कांचा संशय बसला तो रिकाम्या पिंजऱ्यामुळे.

सांगलीच्या मार्केट यार्डामागे अक्कांच्या यजमानांचं, जिनपालअण्णांचं, गुळाचं गोदाम आणि त्याला लागूनच घर. गोदाम म्हटलं की उंदीर आलेच. पण जैनाच्या घरात उंदराला विष नाही आणि चापही नाही. संध्याकाळी पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा लावायचा. सकाळी जो जीव सापडेल त्याच्यापुढे बसून अक्का णमोकार मंत्र म्हणणार, आणि मग राखणदार दादासो पिंजरा सायकलला अडकवून कृष्णेकाठच्या मळीच्या रानात त्याला सोडून येणार. अडीच वर्षांपूर्वी गुडघे धरले, त्याआधी अक्का स्वतःच जायच्या. महाराजांसमोर त्यांनी अणुव्रतं घेतली होती. जाणूनबुजून आपल्यापायी मुंगीसुद्धा मरू नये, एवढं एकच त्यांनी आयुष्यभर जपलं होतं. गल्लीतल्या बायका मागे हसत. हसोत बापड्या.

तर नदीला जाऊन यायला पाऊण तास लागतो, आणि एक दिवस दादासो दहा मिनिटांत परत आला.

"एवढ्यात?" अक्का म्हणाल्या.

"वारा पाठीला हुता, अक्का."

जाताना पाठीला असलेला वारा येताना छातीवर असतो, हे कळायला फौजेत जावं लागत नाही. दादासो मात्र फौजेत जाऊन आलेला होता. मूळचा माण तालुक्यातला, हवालदार म्हणून निवृत्त झालेला, गोदामामागच्या खोलीत एकटा राहायचा. खोलीला बाहेरून दोन कुलपं. एकट्या माणसाच्या खोलीत दोन कुलपांआड ठेवण्यासारखं काय असतं, हा प्रश्न अक्कांना आता पहिल्यांदा पडला.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. इतर दिवशी पाऊण तास, तासभर. पण दर बाराव्या दिवशी दहा मिनिटं, आणि पिंजरा धुऊन पुसून परत! शिवाय त्याच दिवशी सकाळी सकाळी चौकशी, "आज जरा मोठा गावलाय का, अक्का?" नदीला सोडायच्या उंदराचं माप कशाला लागतं? मिरजेला एवढी दवाखान्यांची गर्दी, मोठं कॉलेज. तिथं पोरं उंदीर चिरून शिकतात, असं त्यांनी ऐकलं होतं. हा मेला आपले उंदीर इथंच कुणाच्या तरी हाती देऊन तिकडे विकत असणार.

"आवं, त्यो दादासो काईतरी लपवतोय," त्या अण्णांना म्हणाल्या.

"फौजी मानूस हाय. तुला सगळीकडं चोरच दिसत्यात," अण्णा म्हणाले आणि पेपर जरा वर धरला. अण्णांचा पेपर असा वर गेला की काहीतरी शिजत असतं, हे अक्कांना चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. पण त्या दिवशी त्यांचं लक्ष दादासोकडे होतं, पेपराकडे नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दारात वनखात्याची गाडी उभी राहिली. खाकीतली वनाधिकारी क्रांती मॅडम उतरली आणि म्हणाली, "दादासो इथंच राहतात ना? नोंदणीचा अर्ज आहे त्यांचा. पाहणी करायची आहे."

दोन्ही कुलपं निघाली. अक्का भिंत धरत धरत मागोमाग आत शिरल्या. खोलीत दिव्याखाली काचेची भलीमोठी पेटी होती आणि पेटीत दंडाएवढा जाड, तांबूस ठिपक्यांचा अजगर वेटोळं घालून पडला होता.

"बोआ हाय, परदेशी अजगरावानी. इषारी न्हाई, पर आवळून मारती," दादासो खाली बघत म्हणाला. "मुंबईच्या भाच्यानं हौसंनं घेतली आन लगीन ठरल्यावर टाकून दिली. लय गरीब हाय. राणी म्हनतो मी."

परदेशी जनावर घरात ठेवायचं तर ते कुठून आलं, कुठे राहतं, कुलूप कसलं, खायला काय, सगळं सरकारला कळवावं लागतं. दादासोने फौजी शिस्तीत एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. क्रांती मॅडम एकेक रकाना मोठ्याने वाचत तपासू लागली. "खाद्य, जिवंत उंदीर, बारा दिवसांतून एक. मिळण्याचं ठिकाण, जागामालकाचं गुळाचं गोदाम. जागामालकाची संमती, सही, जिनपाल."

अक्कांनी कागद हातात घेतला. सही अण्णांचीच होती. अण्णा दारात येऊन उभे होते, आणि आज त्यांच्या हातात पेपर नव्हता.

"तुमाला ठावं हुतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू उंदीर दिला नसतास," अण्णा पुटपुटले. "मग हे उपाशी मेलं असतं. ह्यो बी जीवच की गं."

"मग माझ्या जिवाला काय पाप लागंल ते मला ठरवू द्यायचं हुतं!" अक्का इतक्या मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या. "अडीच वर्सं मी त्यास्नी सोडतीया म्हनून बसलेली, आन तुमी दोघं माझ्या हातनं मारताय!"

"एक सांगतो, अक्का," दादासो म्हणाला. "तुमी णमोकार म्हनल्याबिगर हिला एक बी उंदीर दिला न्हाई. तुमी तापानं झोपला हुता तवा बारावा दिस असून बी नदीला सोडून आलो. ही ऱ्हायली तशीच उपाशी."

अक्कांनी कागद मॅडमच्या हातात परत दिला. मरणाऱ्याच्या कानात णमोकार सांगतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. दादासोलाही कुणीतरी सांगितलं असणार. त्या सुटकेसाठी म्हणत होत्या आणि हा बाजूला उभा राहून मरणासाठी ऐकत होता.

क्रांती मॅडम अवघडून म्हणाली, "आजी, तुमचा जबाब लागेल. उंदीर तुमच्याकडूनच येतात ना? खाण्याची खात्रीची सोय नसेल, तर हिला आम्हाला न्यावं लागेल."

"न्हाई म्हना, अक्का," दादासो म्हणाला. "न्हेऊ दे तिला. तुमच्या नावावर पाप नगं."

नाही म्हणणं सोपं होतं. पण खोटं न बोलण्याचं व्रतही त्याच महाराजांसमोर घेतलेलं होतं. अक्का भिंत सोडून पेटीजवळ गेल्या.

"लिवा," त्या म्हणाल्या. "आजपातुर माझ्याकडनंच गेले. ह्याच्यापुढं एक बी जायाचा न्हाई."

मॅडमने तसंच लिहून घेतलं आणि दुसरी सोय दाखवायला पंधरा दिवस दिले.

दुसऱ्या दिवसापासून पिंजरा मांडीवर घेऊन अक्का स्वतः रिक्षाने नदीला जाऊ लागल्या. अण्णांशी बोलणं कामापुरतं, दादासोशी तेवढंही नाही. राग आला होता तो आला होता, तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. कॅलेंडरवरच्या खुणा मात्र सुटल्या नाहीत. बाराव्या दिवशी भला दांडगा उंदीर सापडला. दादासो दाराशी आला, उंदराकडे एक नजर टाकून मागे वळला. अक्कांनी तो उंदीर मळीत सोडला, गवतात दिसेनासा होईपर्यंत पाहिला आणि हलक्या मनाने घरी आल्या.

मागच्या खोलीतून चिवचिव ऐकू येत होती.

दार उघडंच होतं. पेटीशेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबडीचं एक पिवळं पिल्लू होतं. दादासो दचकून उभा राहिला. "बाजारातनं आनलं, अक्का. अर्जात बी तसंच बदलून दिलंय. तुमच्याकडचं काई न्हाई त्यात. तुमी घरात जावा."

अक्का घरात गेल्या नाहीत. गुडघा धरत त्या खोक्यापुढे बसल्या. पिल्लू मान वर करून त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी हात जोडले आणि णमोकार म्हणायला सुरुवात केली. या वेळी आपण तो कशासाठी म्हणतोय, हे त्यांना ठाऊक होतं.