जसं आहे तसं

हर्षलनं लोखंडी अलमारी भिंतीकडे ढकलली, मागे सरून पाहिलं आणि पुन्हा थोडी उजवीकडे सरकवली. ओलीचा डाग अजूनही वरून दिसत होता.

"राहू द्या न," त्याची बायको गीतांजली दारातून म्हणाली. "जसं आहे तसं घेतो म्हणाले न ते."

तो थांबला नाही. सकाळपासून त्यानं बाथरूमचा नळ खोलून परत बसवला होता, खिडकीच्या कड्या घासल्या होत्या.

हथखोजचा त्याचा वेल्डिंगचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून रिसालीच्या या घराचे हप्ते थकत गेले. मग बँकेची माणसं दारात यायला लागली. लिलाव होण्याआधी विकून मोकळं व्हावं, असं सगळेच सांगत होते. दुर्गचे सिमेंटचे व्यापारी भय्याजी साहू दलालाशिवाय घ्यायला तयार झाले. डागडुजी नको, रंग नको. बँकेचं देणं ते थेट बँकेत भरणार आणि उरेल ते हर्षलला देणार. तरी हर्षलनं उन्हाळाभर त्यांना होकार दिला नव्हता. घर गेलं तर गीतांजली खचेल, असं तो ज्याला त्याला सांगत असे. शेवटी गेल्या आठवड्यात त्यानं हो म्हटलं होतं.

भय्याजी दुपार कलल्यावर आले. हात मागे बांधून त्यांनी खोल्या पाहिल्या. अलमारीपाशी ते पोचले, तेव्हा गीतांजलीनंच सांगितलं की मागची भिंत ओली आहे, पाणी स्लॅबमधून उतरतं. हर्षलची कानशिलं तापली. भय्याजींनी नुसती मान हलवली. ठरलं ते ठरलं, म्हणाले.

चहा पिताना त्यांनी आपणहून एक गोष्ट काढली. घर त्यांना आपल्या मुलासाठी हवं होतं. निखिल पुण्याहून परतायला अजून अवकाश होता. तोवर तुम्हीच किरायानं राहा, गल्लीत कुणाला कळणारही नाही.

हर्षलचे खांदे सैल झाले. तो हो म्हणणार, एवढ्यात गीतांजली बोलली.

"नहीं भय्याजी. हम खाली कर देंगे."

बोरसीला दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत, असंही तिनं सांगितलं. भय्याजींनी दोघांकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि पुढची बोलणी बँकेत करू म्हणून निरोप घेतला.

ते गेल्यावर हर्षल स्वयंपाकघर ते व्हरांडा येरझाऱ्या घालू लागला.

"कावून नाही म्हटलं? तुझ्याचसाठी मी हे घर धरून..."

"मी कधी म्हटलं होतं धरा म्हणून?" कप उचलत ती म्हणाली.

तो उत्तर देणार, तोच फाटकाशी मोटारसायकल थांबली. हर्षल वळला. मागच्या अंगणाच्या दाराच्या कडीवर हात पडल्यावरच त्याला कळलं की आपण इथवर आलो आहोत. गीतांजली कप हातात धरून त्याच्याकडे पाहत होती.

बाहेर त्यांची मुलगी रेणू ट्यूशनहून नुकतीच पोचली होती. तिचा आवाज आत स्पष्ट ऐकू आला.

"पापा घर पे नहीं हैं, अंकल. कब आएँगे, पता नहीं."

तिला असं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं.

मोटारसायकलवरचा माणूस जरा गोंधळून म्हणाला, "बेटा, मैं तो बलीराम जी का घर पूछ रहा था."

हर्षलनं कडीवरचा हात काढला. घर ओलांडून तो पुढच्या दारानं बाहेर आला आणि त्या माणसाला कोपऱ्यावरचं घर दाखवलं. मोटारसायकल निघून गेली. रेणू दप्तराचा पट्टा धरून खाली बघत उभी होती. त्यानं दप्तर तिच्या खांद्यावरून उतरवून घेतलं. व्हरांड्याच्या पायरीवर तो बसला. रेणूही शेजारी बसली.

बऱ्याच वेळानं त्यानं आत हाक दिली.

"त्या बोरसीच्या खोल्या... उद्या पाहाले जाऊ?"

"आजच जाऊ," गीतांजली म्हणाली. "उजेड आहे अजून."