तोंडावरचे चौकोन

पितृदिनाला थायलंडमधल्या आमच्या नान गावच्या शाळेत मुलं गुडघे टेकून वडिलांना पिवळं फूल आणि त्यांचं चित्र देतात. पिमदावने दिलेलं चित्र पाहून तिचा बाप विरोत चुळबुळू लागला. डोळे, मिशा हुबेहूब त्याच्याच होत्या. पण मिशांखाली तोंडाच्या जागी नुसते करडे चौकोन होते.

"माझं तोंड कुठे गेलं गं?"

"टीव्हीवरच्या सिनेमात असंच करतात, बाबा. तोंडात सिगारेट असली की तेवढं झाकतात. नाहीतर गुरुजी चित्र भिंतीवर लावणार नाहीत."

शेजारचा एक बाप हसला. "विरोत, तू तर खलनायक झालास रे."

विरोत माझ्याकडे वळला. "गुरुजी, तिला हे खोडायला सांगा."

"खोडेल की. पण त्या जागी काय काढायचं, ते तुम्ही सांगा."

विरोत खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर हात ठेवून दारापर्यंत गेला, परत आला, बसला, पुन्हा उठू लागला.

पिमदावने चौकोन खोडले होते. "हलू नका ना, बाबा. सिगारेट नसताना तुमचं तोंड कसं दिसतं, ते मला नीट बघू दे."

विरोत बसला, पण त्याचे ओठ काही केल्या स्थिर राहीनात.