येतो म्हणावं

पंचफुलाबाईच्या उंबऱ्यावरून कोणी "जातो" म्हणून कधी गेलं नव्हतं. पाहुणा असो, गुराखी असो की वीजबिल देणारा. तोंडातून "जातो" निसटलं की ती त्याला फाटकापासून माघारी बोलवायची. "येतो म्हण रे बावा. जातो म्हणू नये. दाराले कान असते." तो माणूस हसत "येतो" म्हणे, मगच तिचा जीव भांड्यात पडे.

तिचं ते वेड उगाच नव्हतं. पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि "माहा नाही, ज्याचा असन त्यानं न्यावा" म्हणून तिनं पाठ फिरवली. शेजारच्या प्रभावतीनं त्याला उचललं, पदराखाली घेतलं आणि मूठभर ज्वारी घेऊन तिलाच परत विकलं. प्रभावतीच्या घरी बुद्धवंदना. असल्या गोष्टी तिथं कोणी मानत नसे. उचलतानाच ती म्हणाली होती, "मी नाही मानत वं पंचफुले हे. पण तुह्या डोळ्यातलं पाणी मानतो." त्या लेकराचं नाव उकंडा. मरणानं उकिरड्यावरची वस्तू समजून पुढं निघून जावं, एवढ्यासाठी.

आणि मरण खरंच पुढं जात राहिलं. उकंडा वाढला, लग्न झालं, जमनी सून म्हणून आली, काशी नावाची नात अंगणात पळू लागली.

त्या वर्षी फुलसावंगीकडच्या त्या सगळ्या पट्ट्यात कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. ज्याच्या त्याच्या वावरात फवारणी. उकंडा पाठीवर पंप घेऊन लोकांच्या वावरात जायचा; जमनी पाणी भरून औषध कालवून द्यायची. झाड उंच, नळी वर धरावी लागे, आणि औषध फिरून त्याच्याच तोंडावर पडे. भादव्यातल्या एका दुपारी तो डोळे चोळतच घरी आला. "माय, दिसत नाही वं मले." मग घाम, मग उलट्या. गाडीत घालताना त्यानं हवेत हात फिरवून आईचा हात शोधला आणि म्हणाला, "माय, येतो वं."

यवतमाळच्या दवाखान्यातून त्याला आणलं ते चादरीत गुंडाळून.

गावातल्या बायका म्हणाल्या, पंचफुला पाहिजे तशी रडली नाही. दगड झाला बाईचा. पण तो दगड नव्हता. ती वाट पाहत होती. महिना उलटला, जमनीला सकाळच्या कोरड्या उलट्या सुरू झाल्या आणि पंचफुलाबाईच्या तोंडावर कोणी समई लावावी तसा उजेड पडला. ती धावत प्रभावतीकडे गेली.

"येतो म्हणला होता वं! माहा लेक बोलाचा पक्का!"

प्रभावती तांदूळ निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि जमनीच्या अंगणाकडे पाहिलं.

जमनी खाली मान घालून घरकाम उरकत होती. ती मुळातच कमी बोलायची. एका सकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता तिनं, वर न पाहता, सासूला सांगितलं, "मामी, मले हे ठेवाचं नाही."

"काय ठेवाचं नाही?"

"पोटातलं."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींनीही ती उलटली नाही.

त्यानंतर पंचफुलाबाईनं सगळं करून पाहिलं. रडली, रागावली, काशीला पुढं करून "मले भाऊ पाह्यजे" असं वदवून घेतलं. जमनी हूं की चूं करीना. शेवटी पंचफुलाबाईनं प्रभावतीला गाठलं. "तू समजाव तिले. तुहं ऐकते ते."

"काय समजावू?"

"ठेव म्हणून."

प्रभावतीनं तिचा हात धरून तिला बसवलं. "मले विचारशीन तं मलेही वाटते ठेवावं. उकंड्याले उकिरड्यावरून मीच उचललं होतं, मले का कमी दुःख हाय? पण मले कोणी विचारून राह्यलं का? पोट तिचं. वाहणार ते, जलमवणार ते, रातभर जागणार ते."

"जीव देवाचा असते, प्रभावते."

"असन. पण देव काही फवारणीचं पाणी भराले आला नाही. ते जमनीनं भरलं."

दोघी चाळीस वर्षांच्या शेजारणी. त्या दिवशी पहिल्यांदा पंचफुलाबाई "येतो" न म्हणता तिथून उठली.

कार्तिकात मारुतीच्या पारावर कीर्तनाचा सप्ताह बसला. पंचफुलाबाईला कीर्तन म्हणजे माहेर. टाळांचा पहिला ठोका पडला की तिची कंबर दुखायची थांबे. कोणता बुवा आख्यान कुठं वळवील, कुठं हसवील आणि हसता हसता कुठं डोळ्यांतून पाणी काढील, हे तिला पाठ. यंदा सुखदेवबुवा आले होते. गोड गळ्याचे, पोटतिडकीनं बोलणारे. त्यांच्या कीर्तनानं दारू सुटलेली माणसं पंचक्रोशीत होती. दुपारी बुवा टेकले असताना ती त्यांच्या पायांशी जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. उकंड्याचं, गाडीचं, "येतो"चं, जमनीचं. "महाराज, तुमच्या वाणीत देव हाय. एवढं एक आख्यान लावा. माही सून ऐकाले येईन."

बुवांचे डोळे भरले. "लावतो, माय," ते म्हणाले.

संध्याकाळी पार भरला. जमनी काशीला मांडीवर घेऊन बायकांच्या कडेला बसली होती. सासूनं गळ घातली म्हणून आली होती. मृदंग घुमला, बुवांनी उपरणं कमरेला खोचलं. गर्भातला जीव म्हणजे देवानं धाडलेला पाहुणा, ते सांगू लागले. तो लांबून येतो, अंधारातून येतो, वाट चुकत नाही. कडी वाजवतो. "आणि माउल्यांनो, तो पाहुणा अनोळखी नसतो! कोणाच्या घरचा गेलेला माणूस असतो तो. जाताना त्यानं आईचा हात हातात घेतलेला असतो. तो जातो म्हणत नाही. तो म्हणतो, 'माय, येतो वं!' अशा पाहुण्याला तुम्ही दारातून हाकलणार?"

बायकांच्या घोळक्यातून हुंदका उठला. पंचफुलाबाईच्या हातातले टाळ थांबले. आपला लेक पारावर उभा आहे, असंच तिला क्षणभर वाटलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की बायका बुवांकडे पाहत नाहीयेत. माना वळल्या होत्या. "येतो वं" कोणाचं, हे गावातल्या लेकरालाही माहीत होतं. सगळ्या माना जमनीकडे होत्या.

जमनी उठली. झोपलेल्या काशीला खांद्यावर टाकलं आणि माणसांतून वाट काढत निघून गेली. बुवांचा सूर जरासा तुटला, मग पुन्हा लागला.

दुसऱ्या दिवशी हापशीवर शब्द उडाले. "काय वं जमने, पाहुण्याले दार लावून राह्यली म्हणते?" दुसरी म्हणाली, "दार लावून दुसरं उघडाचं असन बाप्पा! वय काय हाय तिचं?" आणि हसणं. जमनी रिकामी घागर घेऊन घरी आली. ती तिनं अशी ठेवली की पंचफुलाबाई दचकली.

"तुम्ही सांगतलं त्यायले."

पंचफुलाबाईनं घागर सरळ केली.

"मामी, पोरगी झाली तं?"

"आं?"

"पोटात पोरगी असन तं? मंग काय म्हणसान तिले? फसवलं म्हणसान?"

पंचफुलाबाईच्या हे मनातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. इतके दिवस ती मनातल्या मनात लेकाशी बोलत होती.

जमनी भिंतीला टेकून खाली बसली. एवढं सलग ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. "अन् पोरगा झाला तं तुम्ही रोज त्याच्या तोंडात उकंडाच पाहान. तो रडला का म्हणान, उकंडा असाच रडे. मले मेलेल्या माणसाले पाजा लागन, मामी. त्या रोजी औषध मीनं कालवलं होतं. या हातानं. पोटात ढवळलं का मले तोच वास येते. मी काशीले धड जेवू घालू शकून नाही राह्यली. माह्यात कोणाले आणाची ताकदच नाही. तो माहाही होता. पण तो गेला. तुम्ही त्याले येतो येतो म्हणून दारात अडकवून ठेवलं, अन् ते दार म्हणजे मी."

बाहेर काशी कोंबड्यांना हाकलत होती. पंचफुलाबाई उठली. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती पाराकडे निघाली.

बुवा आंघोळ करून गंध लावत होते. तिला पाहताच त्यांनी हात जोडले, ती जोडणार त्याच्या आधीच.

"रात्रभर डोळा लागला नाही, माउली. दाखला फार सुंदर होता. मला मोह झाला."

"मंग ते खोटं हाय का, महाराज? पाप नाही का?"

"खोटं नाही. मी पापच म्हणीन, उद्याही म्हणीन." बुवांनी गंधाची वाटी खाली ठेवली. "पण कीर्तनकारानं बोट देवाकडं दाखवावं. काल माझं बोट एका रडणाऱ्या पोरीकडं गेलं. आणि तो लेक माझ्या वाणीनं परत येईल, असं मी तुला सांगायला नको होतं. ते मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही."

ती उठली. "येतो, महाराज," ती सवयीनं म्हणाली, आणि तो शब्द तिला तोंडात खड्यासारखा लागला.

सोमवारी जमनी प्रभावतीला घेऊन यवतमाळला जायला निघाली. एसटीच्या थांब्यावर पाहतात तर पंचफुलाबाई धुतलेलं लुगडं नेसून उभी. काशीला तिनं शेजाऱ्यांच्या घरी ठेवलं होतं. "मीही येतो," एवढंच म्हणाली. दोघींनी विचारलं नाही. तिच्या मनात मात्र एक गाठ पक्की होती. दवाखान्यात घरच्यांचा अंगठा मागतीलच. तो द्यायचा नाही. एसटी महागाव सोडून पुढं लागली, दोन्ही बाजूंना कीड लागलेली पऱ्हाटी उभी होती, अर्धी उमललेली, अर्धी काळी. आणि ती पदराआड उजव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट धरून बसली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, जमनीशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. मग सिस्टर कागद घेऊन आली. पंचफुलाबाई ताडकन उठली.

"मी अंगठा देत नाही!"

सगळा व्हरांडा वळून पाहू लागला. सिस्टर तरुण होती, पण दमलेली. मऊ आवाजात म्हणाली, "तुमचा नाही लागत, आजी. या सज्ञान आहेत. यांचीच सही."

जमनीनं सही केली. वाकड्या अक्षरात, जीभ दाताखाली धरून. पंचफुलाबाईचा अंगठा मुठीतच राहिला. आता तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि असं काही हातात नसलं की माणूस एकतर मोडतो, नाहीतर मोकळा होतो. ती नुसती उभी होती.

जमनीला आत बोलावलं. ती दारापर्यंत गेली आणि थांबली. निघताना जे म्हणायचं असतं ते म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि सासूकडे पाहून मिटलं.

"चला," सिस्टर म्हणाली.

जमनी हलेना. "मामी," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काही तं म्हणा. तुम्ही काही म्हणल्याबिगर माहा पाय उचलत नाही."

पंचफुलाबाई जवळ गेली. जमनीच्या पोटावर तिनं हात ठेवला. अजून तिथं काहीच दिसत नव्हतं. धुवून धुवून विरलेलं पातळ आणि त्याखाली कापणारी एक पोर. उंबऱ्यावरून आयुष्यभर जो शब्द तिनं कोणाला म्हणू दिला नव्हता, तो आता तिच्याच घशात येऊन उभा राहिला.

"जाय," ती म्हणाली. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाली. "जाय माह्या राजा. मीनं तुले लय बलावलं. आता नाही बलावत. सुखानं जाय."

मग तिनं हात काढला आणि सुनेची हनुवटी धरली. "अन् तू येजो वं माय. तू माघारी येजो."

"येतो, मामी," जमनी म्हणाली, आणि दार लागलं.

बाकावर दोघी शेजारणी बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं पंचफुलाबाई म्हणाली, "हे पापच हाय, प्रभावते. मी अजूनही तेच म्हणतो."

"म्हण."

"पण ते तिले एकटीले नाही वाहू देणार मी."

प्रभावतीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. पंचफुलाबाईला आता रडू फुटलं. भादव्यापासून साचलेलं, उकंड्याचं रडू. दवाखाना म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला. मग हळूहळू तिचे ओठ हलू लागले. सप्ताहात कीर्तन संपताना म्हणतात तो नामगजर ती मनातल्या मनात म्हणत होती. हातही वर आले, टाळी वाजवायला. पण आत पोरीला त्रास नको, म्हणून ती हाताला हात लागू देत नव्हती.