दोन चुली आणि एक भिंत

मी एक जुने शेतघर आहे. वेल्सच्या डोंगरात, उतारावर, वाऱ्याकडे पाठ करून बसलेले. मित्रांनो, तुम्हाला मी एकच घर दिसेन; पण मला पूर्ण व्हायला तीनशे वर्षे लागली.

आधी मी फक्त एक लांबट खोली होते. वरच्या अंगाला माणसे, खालच्या अंगाला गाई. चुलीतला जाळ दिसला की गाई दूध जास्त देतात, असे इथली माणसे मानत, म्हणून मध्ये आडभिंतही नव्हती. पुढे कुणा सुनेला वास सोसवेना, तेव्हा गाई गोठ्यात गेल्या. मग जिना आला, माळा आला, गवताच्या जागी पाटीच्या दगडाचे छप्पर आले. प्रत्येक पिढीने मला थोडे वाढवले आणि वाढवताना कुरकुर केली.

शेवटची भर वेगळी होती. एका चुलीवर दोन सुना नांदवायच्या नाहीत, ही या घराण्याची रीत. म्हणून धाकट्या मुलासाठी माझ्या कोपऱ्याला लागून दुसरे घर उभे राहिले. भिंत दोघांत एकच, पण तिला दार ठेवले नाही.

पुढे थोरल्याचा वंश खुंटला आणि धाकट्याच्या नातवंडांच्या काळात माझ्यात दोनच माणसे उरली. जुन्या भागात एमरिस, बिनलग्नाचा मेंढपाळ. नव्या भागात त्याच्या थोरल्या भावाची विधवा, लिनेड. एकदा ती म्हणाली, "भावजी, भिंत फोडून दार काढू या. पावसात अख्खा वळसा घालावा लागतो मला."

"आजोबा दार ठेवायला विसरले नव्हते, वहिनी. आणि तुम्ही एकट्या, मी सडाफटिंग. रविवारी प्रार्थनेला गेलो की सगळ्या बायका वळून बघतील माझ्याकडे."

"बघू देत की. तेवढंच कुणीतरी बघेल तुमच्याकडे."

एमरिसला ते लागले. त्याचे लागणे पाहून लिनेडही रुसली. येणे-जाणे थांबले. एमरिस रोज सकाळी अंगणातून तिच्या धुराड्याकडे बघे आणि कुत्र्याला सांगे, "धूर आहे. म्हणजे वहिनी बऱ्या आहेत." मग तो मेंढ्यांकडे निघून जाई.

इथे चूल विझू देत नाहीत. डोंगरातल्या दलदलीतून कापून वाळवलेली, कुजक्या गवत-मुळांची काळी ढेपळे जाळतात आणि निखारे राखेखाली झाकून ठेवतात. माघार न घेणारी आग ती, आतल्या आत धुमसत राहते. एका हिवाळ्यात लिनेडने सकाळी चूल अशीच भरली आणि ती जिन्यावरून पडली. पाय मोडला. तिने हाका मारल्या. माझी भिंत तीन हात जाड. लोक या जाडीचे कौतुक करत आले होते. त्या दिवशी मला तिची लाज वाटली.

दोन दिवस धूर निघत राहिला. दोन्ही सकाळी एमरिसने वर पाहिले, मान हलवली आणि तो गेला. मला सगळे दिसत होते, आणि मला तोंड नव्हते.

तिसऱ्या सकाळी धूर नव्हता. एमरिस टोपी न घालताच वळसा घालून धावला. लिनेड जिन्यापाशी घोंगडी ओढून पडली होती.

"या," ती म्हणाली. "चूल विझली म्हणून आलात होय?"

एमरिस खाली बसून रडला. मग शेजाऱ्यांनी शेताचे फाटक काढले आणि त्यावर घालून तिला डोंगराखाली नेले. ती शहरात मुलीकडे राहिली.

एमरिसने पहार आणली. आठ दिवस तो माझी भिंत फोडत होता. फार दुखले, पण मी एक दगडही अडवला नाही. त्याने ओकची चौकट बसवली आणि पत्र धाडले, "दार झालंय, वहिनी." मुलीचे उत्तर आले. आई पत्र ऐकून हसली होती. म्हणाली होती, "रुंदी विचार त्यांना. मी कुबड्या घेऊन येणार आहे." त्याच आठवड्यात लिनेड वारली.

एमरिस मरेपर्यंत दोन्ही चुली पेटवत राहिला. आता त्या दारातून फक्त वारा ये-जा करतो. मला फार एकटे वाटते.

मित्रांनो, माझे छप्पर गळते आहे. कुणी दुरुस्त केले तर बरे वाटेल. पण माझे मागणे ते नाही. तुमच्या भिंतीपलीकडे कुणी एकटे राहत असेल, तर आजच जा. काही काम नसले तरी जा.