चंपाच्या गलबताचं गाऱ्हाणं

कल्पना सुचली ती रत्नागिरीत, थिबा पॅलेसबाहेर वडापाव खाताना. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी उचलून इथे आणून ठेवलं, हे शाळेपासून सगळ्यांनाच ठाऊक. पण तेजलच्या डोक्यात त्या दिवशी भलतंच शिरलं. "तो बिचारा नाइलाजाने इकडे आला," ती मैत्रिणीला, वेदिकाला म्हणाली, "मग आपली एखादी हौसेने तिकडे का जाऊ नये?" वेदिकाच्या हातातली मिरची हातातच राहिली. झालं, त्या मिरचीच्या साक्षीने चंपाचा जन्म झाला.

चंपा म्हणजे जुन्या काळची कोकणातली तांडेलाची पोर. बापाचं गलबत घेऊन ती ब्रह्मदेशाला निघते, तिथून पुढे सयाम, चीन, जपान. वाटेत तिला समुद्रातला नागराजा भेटतो, मोत्यांच्या ढिगावर घोरणारा ड्रॅगन भेटतो आणि नऊ शेपट्यांची एक जपानी कोल्हीण भेटते, जी जरा जास्तच गोड बोलते. हे सगळं व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये. म्हणजे पडद्यावर चित्र, खाली संवाद, आणि अधूनमधून गोष्ट थांबून तुम्हालाच विचारते, बाबा रे, आता चंपाने काय करायचं? तुम्ही म्हणाल तसा गोष्टीला फाटा फुटतो. चित्रं तेजलची, लिखाण वेदिकाचं. दोघींना नुसतं वेड लागलं होतं. जेवताना नागराजाच्या मिशा, कपडे वाळत घालताना कोल्हिणीच्या शेपट्या.

हे वेड मान्य नव्हतं ते तेजलच्या बाबांना. राजेंद्र सर शाळेत मास्तर. कुठलीही गोष्ट विचार केल्याशिवाय मान्य करायची नाही, ही त्यांच्या घरची रीत आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासूनची. त्यांनी विचार केला होता आणि मुंबईला मावसभावाच्या ऑफिसात लेकीसाठी नोकरी ठरवून टाकली होती. तेजल रडली, भांडली, अबोला धरून बसली. शेवटी सर म्हणाले, "रविवारी चार माणसांना दाखव. तुझ्या मैत्रिणी नकोत, त्या कशालाही टाळ्या वाजवतात. माणसं रमली तर हे वर्ष तुझं. नाही रमली तर सोमवारी बॅग उचलायची."

तेजलला वाटलं, हात्तिच्या! वेदिकाचं गाव देवरूखच्या वरच्या अंगाला आणि तिचे शिवाकाका तिथल्या नमन मंडळाचे, म्हणजे शिमग्यात देवाचे खेळ करणाऱ्यांचे म्होरके. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं तेही त्यांनीच. आवाज असा की मंडपात बोलले तर पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून बसावीत. गोष्टीतले प्रश्न याच आवाजात विचारायचे, ही अक्कल दोघींची. काकांनी ते अगदी गाऱ्हाण्याच्या चालीत म्हणून दिले आणि दोघी ऐकून नाचल्या. नाचण्याआधी जरा डोकं चालवलं असतं तर पुढचा सगळा घोळ टळला असता.

रविवारी दुपारी वेदिकाच्या गावात नमनाच्या तालमीची शेड ताडपत्र्या लावून अंधारी केली. गाव लोटला. मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून राजेंद्र सर बसले. घरी तेजलची बॅग अर्धी भरून झाली होती.

पडद्यावर निळा समुद्र पसरला. चंपाचं गलबत डुलत निघालं. "आगो, कशी गोड पोर हाय!" शिवाकाकांची बायको चिमाकाकू म्हणाली. तेवढ्यात पाणी दुभंगलं, मिशांना पीळ देत नागराजा वर आला आणि गोष्ट थांबली. स्पीकर घुमला: "बा समिंदराच्या राजा! ही लेक तुज्या दारात आलीय. तू तिला लगनाची मागनी घातलीस. ती तिनं पदरात घ्यावी काय?"

खाली दोन चौकटी होत्या, हो आणि नाही. तेजल माऊस धरून सज्ज झाली. आणि अख्खी शेड हात जोडून एका सुरात गरजली, "व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याची रीतच ती. पुढच्याने मागणं घालायचं, मागच्यांनी व्हय म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं, तिथे कोण थांबून विचार करतो? चंपाचं लग्न लागलं. ती पाण्याखाली सोन्याच्या महालात गेली आणि पडद्यावर आलं, समाप्त. ब्रह्मदेश नाही, सयाम नाही, कोल्हीण बिचारी नऊच्या नऊ शेपट्या विंचरून तशीच बसून राहिली.

"बेस झाला. लगीन लागला," म्हणत चिमाकाकू उठली.

"काकू, बस! नाही पण म्हणता येतं!" तेजल किंचाळली.

"गाऱ्हान्याला नाय कसा बोलायचा, गो?" शिवाकाका खरंच दुखावले.

दुसऱ्यांदा गोष्ट लावली. दुसऱ्यांदा "व्हय म्हाराजा!", आणि आता सराव झाल्यामुळे आणखी जोरात. वेदिका खांबाला धरून हसत सुटली. तेजललाही हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. एवढ्या मायेने रंगवलेली ती पोर, आणि तिला पुढे जाऊच देईनात.

तिसऱ्यांदा नागराजा वर आला. तिसऱ्यांदा काकांच्या आवाजाने मागणं घातलं. शेडने छाती भरून श्वास घेतला.

"नाही!"

सगळ्या माना मागे वळल्या. राजेंद्र सर उभे होते. "का म्हणून लग्न करील ती? घरातून निघाली कशाला, ब्रह्मदेश बघायला ना? मग आधी त्या पोरीला कुणीतरी विचारा!"

"मास्तर, सोन्याचा म्हाल हाय त्याचा," शिवाकाका म्हणाले.

"असेल. त्याचा त्याला लखलाभ. तिला जाऊ दे पुढे!"

तेजलने झटकन 'नाही' दाबलं. नागराजाच्या मिशा गळाल्या, लाट उसळली आणि धुक्यातून ब्रह्मदेशाचे सोनेरी पॅगोडा वर आले. "आगागागा!" शेड ओरडली. मग काय विचारता! निम्मं गाव मास्तरांच्या बाजूने, निम्मं काकांच्या. वादळ आलं तेव्हा कुणीतरी मृदंग ओढला आणि वाजवायलाच बसला. कोल्हिणीवर विश्वास ठेवू नका म्हणून सर कानीकपाळी ओरडत होते आणि "येकटी बाय हाय बिचारी" म्हणत चिमाकाकू तिची वकिली करत होती. सरांची खुर्ची सरकत सरकत पार पडद्याला येऊन टेकली. तेजल कधी पडद्याकडे बघे, कधी बाबांकडे. इतका आनंद तिला झेपत नव्हता.

चंपा जपानच्या किनाऱ्याला लागली तेव्हा चहा आला. शिवाकाका उठले, खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि हात जोडले. "बा म्हाराजा! ही मास्तरांची लेक, चंपासारकीच हट्टी. तिचा गलबत वरीसभर हितंच हाकू दे. मास्तरांनी तसा शबुद द्यावा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पत्रे थरथरले.

सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी चष्मा काढून पुसला. जन्मात ते कधी गाऱ्हाण्यात सामील झाले नव्हते आणि आजही होणार नव्हते.

"महाराजा वगैरे मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "आणि तुम्ही परत तेच केलंत. पोरीला विचारलं का कुणी?" ते तेजलकडे वळले. "काय गं? राहायचंय तुला?"

तेजलने माऊस खाली ठेवला. तिने होकाराची मान डोलावली, एकदा, दोनदा, मग डोलावतच राहिली.

"मग व्हय," सर म्हणाले.