येते म्हण, आई

"बीमारी नाही तर का हाय मंग?" प्रेमलालनं हातातला घास ताटात ठेवला. "चाळीस पार झाला तो. अजून त्याचं ताट आईच वाढते."

"पप्पा, काका बीमार नाही. अलग हाय, बस," मयुरी म्हणाली. नागपूरला शिकायला गेल्यावर तिला ऑटिझम हा शब्द सापडला होता, आणि नवी चप्पल मिरवावी तसा ती तो घरभर मिरवत होती. कोणी डावखुरा असतो, तशी काकांच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, असं तिनं आजीला, गोदाबाईलाही, समजावून सांगितलं होतं.

गोदाबाईला दोघांचाही राग आला. बीमारी असती तर गोंदियापासून जबलपूरपर्यंत एका तरी डॉक्टरनं गोळी दिली असती की नाही? आणि नुसता फरक असता, तर इतकी वर्षं आईच्या डोळ्याला डोळा का लागला नसता? बोलणाऱ्याचं काय जातं! वाद घालायला दोघांनाही दिवाळी-होळीपुरतंच बालाघाट आठवतं.

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो टिकाराम दाराजवळ बसून जेवत होता. आधी भात संपवायचा, मग वरण. दोघांची ताटात भेट झालेली त्याला खपत नसे. तांदळाच्या एका गोदामात तो काही दिवस पोती लावायला जाई. एकदा शेठनं गिऱ्हाइकाला माल एक नंबर असल्याचं सांगितलं आणि टिकाराम मागून म्हणाला, यात कणी हाय. दुसऱ्या दिवसापासून तो घरीच. शेठ लबाड होता हे खरं, पण उपाशी राहायची पाळी काही शेठवर आली नाही.

"आजी, तुले का वाटते?" मयुरीनं विचारलं.

गोदाबाई ताटं गोळा करत होती. "मी हाय तोपर्यंत तो अलग हाय, पोरी. माह्या मागं बीमार होईल."

प्रेमलाल हात धुवायला उठला.

दुपारच्या बसनं गोदाबाईला नागपूरला न्यायचं होतं. पोटात गाठ होती. ऑपरेशन करू, पण या वयात भरवसा देता येत नाही, असं डॉक्टरनं तोंडावरच सांगितलं होतं. टिकारामजवळ राहायला कटंगीहून तिची लेक आली होती, मंजू. हाताची चांगली, जिवाची मायाळू. त्यामुळे जेवणाची फिकीर नव्हती. फिकीर होती ती दाराची.

टिकारामचा बाप भरवेलीच्या खाणीत कामाला होता. एका सकाळी "येतो रे" म्हणून सायकलवर टांग टाकली आणि वाटेतच छातीत कळ येऊन गेला. चौघांनी उचलून घरी आणला. तेव्हापासून रोज पाळी सुटायच्या वेळेला टिकाराम दार सताड उघडतो आणि अंधार पडेपर्यंत उंबऱ्यात उभा राहतो. ताप असो, पाऊस असो. गल्लीतले आधी हसले, मग शहाणपण सांगून दमले. अरे, बाप तर तुझ्यासमोर आणला होता ना, असं कोणी म्हटलं की त्याचं एकच उत्तर असे, "बाबाले आणलं. बाबा आले नाही."

यावर कोणी काय बोलावं, कपाळ! घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, एवढं तान्ह्या पोरालाही आपोआप कळतं. याला ते कळलं नाही. सगळ्या जगात हा एकटाच माणूस निघणाऱ्याचा शब्द खरा धरून बसला होता. आता त्याच उंबऱ्यात तो आईचीही वाट पाहणार होता, आणि ती जिवंत परत आली नाही तर मरेपर्यंत पाहणार होता. त्या विचारानं गोदाबाईला गाठीपेक्षा जास्त दुखत होतं.

ऑटो आला. प्रेमलालनं पिशवी ठेवली, मयुरी आत बसली. गोदाबाईनं उंबरा ओलांडला तसा टिकाराम दारात येऊन उभा राहिला. तिच्या तोंडाकडे न पाहता, पिशवीच्या चेनकडे पाहत त्यानं विचारलं, "येते का जाते?"

"येते म्हण, आई," मंजू मागून म्हणाली.

प्रेमलाल बसच्या वेळेवरून कुरकुरत होता. पाहू म्हणून सुटका नव्हती. पाहू म्हणजे का, हे तो मंजूला रात्रंदिवस विचारत राहिला असता. गोदाबाईनं अख्ख्या आयुष्यात उंबऱ्यावर जो शब्द उच्चारला नव्हता, तो तिच्या तोंडी आला.

"जाते, राजा."

मंजूनं तोंडावर हात ठेवला. टिकारामचे आवळलेले खांदे मात्र सैल झाले. "हौ," तो म्हणाला. तो आत वळला आणि त्यानं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

हेच तर तिला हवं होतं. तरी ऑटोत बसल्यावर तिला रडू आवरेना. पाळी सुटायच्या वेळेला ते दार पुन्हा उघडणार होतं, पण बापासाठी. तिची वाट पाहणारं आता तिथं कोणी नव्हतं.

मयुरीनं तिचा हात धरला. "आजी, तू वापस येशील."

गोदाबाईनं पदरानं नाक पुसलं.

"आली तर कडी वाजवा लागंन मले," ती म्हणाली.