दोन्ही सांगणार

"वयनी, तू त्या सभेला जायचं नाय," भिकाजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

विमलानं मशीन थांबवलं नाही. "आत या भावजी. पाणी घ्या."

"पाणी नको. तो आप्पा तुला माईकवर उभी करणार. बाईच्या कृपेनं मशीन मिळालं, असं तुझ्या तोंडून वदवून घेणार. दादा असता तर काय बोलला असता?"

इंदिराबाईंना गोळ्या घालून मारलं त्याला आठवडा झाला होता. रत्नागिरीच्या भाट्याजवळच्या त्या वाडीत संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर शोकसभा होती. सरपंच आप्पा नागवेकर सकाळीच येऊन 'दोन शब्द बोला' म्हणून सांगून गेला होता, आणि जाता जाता जूनमधल्या गणवेशांची आठवणही करून दिली होती. शाळेच्या गणवेशांचं काम त्याच्याच शब्दावर विमलाला मिळे. तिचं निम्मं वर्ष त्यावर निघे.

"जाणार हाय मी," विमला म्हणाली.

"मंग आमच्या घरात परत पाऊल टाकू नको." भिकाजी तसाच पाठमोरा झाला.

त्याचा राग तिला कळत होता. काशीराम, तिचा नवरा, बंदरावर होड्या रंगवायचा. समाजवाद्यांच्या सभांना जायचा, आणि उरलेल्या रंगानं भिंतींवर घोषणा लिहायचा. आणीबाणी आली तेव्हा अशाच एका भिंतीसमोर त्याला धरलं. दीड वर्ष तो आत होता. त्यातच सासू गेली. थोरला मुलगा तुरुंगात, म्हणून अग्नी धाकट्या भिकाजीनं दिला. तो चटका त्याच्या हातावरून कधी उतरलाच नाही.

त्याच दिवसांत वाडीत कुणी विमलाशी धड बोलत नव्हतं. उधारी बंद झाली होती. आणि एके दिवशी बँकेचा साहेब सायकल दामटत आला. बाईंच्या नव्या वीस कलमी कार्यक्रमात गरीब बायकांना बँकेच्या कर्जावर शिलाई मशीन द्यायचं होतं. विमलानं सही केली आणि मशीन घरात आलं.

काशीराम सुटून आला, तो खोकतच. मशीन बघून म्हणाला, "तिचं हे इथं नको."

"तिचं नाय. माझं हाय," विमला म्हणाली.

पुढं तो फाटका सदरा घालून हिंडला, पण मशीनवर शिवू दिला नाही. शेवटी तिनं तो सुईदोऱ्यानं हातानं शिवून दिला, आणि मशीन मात्र जागचं हलवलं नाही. पाच वर्षं दोघं त्यावरून भांडली. मग काशीराम गेला.

संध्याकाळी पटांगण भरलं होतं. खुर्चीवर बाईंची हार घातलेली तसबीर होती. भिकाजी कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा होता, आत येत नव्हता आणि जातही नव्हता. आप्पानं विमलाचं नाव पुकारलं. तिनं पदर सारखा केला आणि माईकसमोर गेली.

"बाई गेल्या, वाईट झालं," ती म्हणाली. "राखणदारांनीच मारलानी. असं मरण वैऱ्यालाही नको."

आप्पानं समाधानानं मान हलवली.

"आता माझं ऐका. माझ्या माणसाला त्याच बाईनं तुरुंगात घातलान. त्यानं चोरी केली नव्हती. भिंतीवर चार शब्द लिवलान, तेवढंच. कोर्ट नाय, वकील नाय. त्याची आई गेली तेव्हा तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाय त्याला."

"वहिनी, मशीनचं बोला," आप्पा दबक्या आवाजात म्हणाला.

"बोलते. त्याच वर्षी बँकेनं मला मशीन दिलान. नवरा कुठं हाय, जामीन कोण, काय विचारलान नाय. कागदावर माझं नाव लिवलान, माझी सही घेतलीन. तोवर मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको. सावकाराच्या दारात मी उभी राहिले नाय, तेबी त्याच बाईमुळं."

आप्पानं हात केला. माईक बंद झाला. विमलानं माईककडं एकदा पाहिलं आणि आवाज चढवला. मशीनच्या खडखडाटावरून बोलायची सवय असलेला तो आवाज थेट कुंपणापर्यंत गेला.

"मशीन दिलान म्हणून तुरुंग विसरू? का तुरुंगात घातलान म्हणून मशीन समुद्रात टाकू? दोन्ही माझ्यावरच झालं. दोन्ही सांगणार. कुणाला एकच ऐकायचं असंल त्यानं दुसरी बाई बघावी."

ती माईकपासून हटली आणि सरळ घरी गेली.

जूनमध्ये गणवेशाचं काम रत्नागिरीतल्या एका शिंप्याकडं गेलं. विमलानं झबली शिवली, उशांचे अभ्रे शिवले, एक वेळ पेजेवर काढली, पण आप्पाच्या दारात गेली नाही. भिकाजी वाटेत दिसला तर मान वळवायचा. भादवा आला. घरचा गणपती भिकाजीकडं असे. दरवर्षी आदल्या दिवशी तिला बोलावणं यायचं, ते या वर्षी आलं नाही.

चतुर्थीला विमला अंघोळ करून, परडीभर जास्वंदी घेऊन निघाली. भिकाजीच्या ओटीवर माणसं दाटली होती, आरती चालू होती. ती पुढच्या दारानं आत शिरली.

"कशाला आलीस गो?" भिकाजीची बायको मैना कुजबुजली.

"माझ्या सासऱ्याचा गणपती हाय. बोलावणं कशाला लागतंय?"

तिनं फुलं वाहिली आणि पुरुषांच्या ओळीत उभी राहून आरती म्हणू लागली, काशीराम म्हणायचा तशी, खड्या सुरात. दोघातिघांनी वळून पाहिलं. भिकाजीचे डोळे मूर्तीवरच होते.

त्या घरात विधवेच्या हाती आरतीचं ताट देत नसत. आरती संपत आली तशी ताट ओवाळणारा भिकाजीचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. नुसतं ताट तिच्यापुढं धरलं.

विमलानं पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी ते घेतलं.